इंजिन काढण्याआधी: जुन्या बोटींचं भवितव्य ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बंदरांचे अधिकारी, किनारी शहरांच्या महापालिका आणि धक्क्यांच्या पुनर्विकासाचे आराखडे करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

मी टगबोटीच्या इंजिनरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. मोठी जहाजं धक्क्याला लावायची, धक्क्यावरून सोडवायची, वारा फिरला की त्यांना आवरून धरायचं, हे आमच्या बोटीचं काम. ती स्वतः कुठे गेली नाही. बंदराच्या तोंडापासून आतल्या गोदीपर्यंत तिचा मुलूख. टगबोट, गाळ उपसणारा ड्रेजर, जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटला ने-आण करणारी लाँच, अग्निशमन बोट, फेरीबोट अशा बोटी थकल्या की त्यांचं पुढे काय करायचं हे आपल्या कार्यालयांत ठरतं. ते ठरताना इंजिनरूममधलं कुणी तिथे नसतं, म्हणून हे पत्र.

आमच्या बोटीचं काय झालं ते आधी सांगतो. तिला सेवेतून काढल्यावर तिच्यावर तरंगतं रेस्टॉरंट करायचं ठरलं. आम्हाला आनंदच झाला, कारण ती कापली जाणार नव्हती. पहिलं काम निघालं ते इंजिन काढण्याचं. टेबलांना जागा हवी होती. तळातलं एवढं वजन गेल्यावर बोट पाण्यात उंच उठली आणि साध्या लाटेलाही डुलायला लागली. तिला बसवण्यासाठी तळात काँक्रीट ओतलं. त्या काँक्रीटखाली तळाच्या प्लेटी कायमच्या झाकल्या गेल्या. कुठे गंज धरतोय ते आतून दिसणार नव्हतं, आणि गंज ठोकून काढायची आमची चिपिंग हातोडीही तिथवर पोचणार नव्हती. बाजूला खिडक्या कापल्या. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारे सी-व्हॉल्व्ह मात्र तसेच राहिले. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, हे सांगणारं माणूसच बोटीवर उरलं नव्हतं.

सुरुवातीची वर्षं ती छान दिसायची. रंग नवा, दिवे लावलेले. मग एका रात्री धक्क्यावरची वीज गेली, बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये, साठणारं पाणी बाहेर टाकणारा बिल्ज पंप थांबला, आणि एका जुन्या व्हॉल्व्हच्या मानेतून येणारं पाणी, जे पंप इतकी वर्षं निमूटपणे बाहेर टाकत होता, ते आत साठत गेलं. सकाळी ती धक्क्याला टेकून गाळात बसलेली होती. फक्त चिमणी आणि वरचा डेक पाण्याबाहेर. मी बघायला गेलो होतो. तिला उचलली, आणि जिथे ती आधीच जायची होती तिथेच, भंगारात, पाठवली. मधल्या काळात तिच्यावर खर्च झालेल्या पैशात तिला निदान दोनदा ड्राय डॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या सुक्या गोदीत, घेता आलं असतं.

यात कुणाची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच हे केलं. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं की टगबोट म्हणजे इंजिनाभोवती गुंडाळलेला पत्रा असतो. प्रवासी जहाजात दालनं असतात, जिने असतात, लाकडी नक्षी असते. इंजिन गेलं तरी बघण्यासारखं काही उरतं. कामाच्या बोटीत इंजिन काढल्यावर काय उरतं? आणि इंजिनाबरोबर रोज खाली उतरणारा माणूसही जातो. तो माणूस इंजिनाला तेल घालायला जातो, पण जाता जाता बिल्जमध्ये किती पाणी आहे ते बघतो, पाइपावर हात फिरवतो, वास घेतो. बोटीला तरंगत ठेवतो तो हा माणूस. पंप ही त्याच्या हाताखालची वस्तू.

म्हणून माझं आपल्याला एकच मागणं आहे. बोट ठेवायची असेल तर तिला चालती ठेवा. ती रोज समुद्रावर गेली पाहिजे असं नाही. पण तिचं इंजिन फिरलं पाहिजे, आणि ते फिरवणारे हात तिच्यावर असले पाहिजेत. हे जमणार नसेल तर तिला सन्मानाने उतरवून ठेवा किंवा सन्मानाने मोडा. धक्क्याला बांधून विसरणं हा पर्याय समजू नका.

हे म्हाताऱ्याचं भाबडं प्रेम वाटेल, म्हणून न्यूयॉर्कच्या एका बोटीची हकीकत सांगतो. जॉन जे. हार्वे ही १९३१ सालची अग्निशमन बोट. तिचे पंप मिनिटाला १८,००० गॅलनपर्यंत, म्हणजे जवळजवळ ६८,००० लिटर पाणी फेकू शकत. १९९० च्या दशकात ती निवृत्त झाली आणि १९९९ मध्ये लिलावात निघाली. भंगारवाल्याकडे जायची, ती काही हौशी माणसांनी मिळून घेतली. त्यांनी तिची इंजिनं काढली नाहीत. दुरुस्त केली, चालवली, लोकांना नदीवर फिरवून आणलं. तिच्यावर पूर्वी वर्षानुवर्षं नोकरी केलेला निवृत्त पायलटही त्यांच्यात होता. ११ सप्टेंबर २००१ ला जुळे मनोरे कोसळले, जमिनीखालच्या पाण्याच्या वाहिन्या फुटल्या, रस्त्यावरचे हायड्रंट कोरडे पडले. हार्वे आधी माणसांना बाहेर काढत होती. मग तिला परत बोलावणं आलं, आणि इतर अग्निशमन बोटींबरोबर ती नदीचं पाणी उपसून आगीकडे पाठवत राहिली, सुमारे ८० तास. कागदावर ती तेव्हा संग्रहालयात शोभेल अशी म्हातारी होती.

अशी वेळ कुठल्याच शहरावर येऊ नये. पण त्या दिवशी तिच्या पोटात इंजिनांऐवजी टेबलं असती तर? हा प्रश्न मला कित्येक वर्षं सोडत नाही. बोट वाचवताना आपण काय वाचवतो, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्याच सिॲटलची कलाकाला ही फेरीबोट. १९३५ मध्ये सेवेत आली, चकचकीत, गोलाईदार, त्या काळात फार गाजलेली. १९६७ मध्ये निवृत्त झाली. मग तिला अलास्कात नेऊन मासळीवर प्रक्रिया करायचा कारखाना केला. किनाऱ्यावर चढवून ठेवलेली ती तिथे वर्षानुवर्षं काम करत होती. इथवर मला काही खटकत नाही. काम बदललं, पण काम होतं. १९९८ मध्ये तिला मोठ्या कौतुकाने सिॲटलला परत ओढून आणलं. परत आणायचा पैसा लोकांनी जमवला. आणल्यावर तिला कुठे ठेवायचं, दरवर्षी काय खर्च येणार आणि तो कुणी द्यायचा, हे ठरलेलं नव्हतं. ज्या संस्थेने आणली तिचं दिवाळं निघालं. बोटीला ठिकाणं बदलावी लागली, मालक बदलले, ती गंजत राहिली, जलमार्गाला धोका ठरली, आणि २०१५ मध्ये टकोमात कापली गेली. म्हणजे परत आल्यावर १६ वर्षं ती फक्त वाट बघत होती.

आपल्याकडे जुन्या विक्रांतचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. ती युद्धनौका, बंदरातल्या कामाच्या बोटीशी तिची बरोबरी मी करत नाही. पण दुखणं तेच. १९९७ मध्ये ती नौदलातून निवृत्त झाली, २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांनी तिच्यावर पाय ठेवला, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झालं, २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. तिचं पोलाद पुढे मोटारसायकलीच्या टाकीत वापरलं गेलं. लोकांचं प्रेम कमी होतं का? अजिबात नाही. रांगा लागायच्या. तिच्याजवळ पक्की जागा नव्हती आणि तळाच्या दुरुस्तीची कायमची सोय नव्हती. नुसत्या तिकिटाच्या पैशात एवढ्या मोठ्या जहाजाचा तळ राखणं फार अवघड.

तळाबद्दल जरा सविस्तर सांगू द्या, कारण आराखड्यात तळ कधीच दिसत नाही. पोलादी बोट सगळ्यात जास्त झिजते ती पाण्याच्या रेषेजवळच्या पट्ट्यात. तिथे पाणीही लागतं आणि हवाही. चालत्या जहाजाला नियमाने साधारण ५ वर्षांत दोनदा तळाची तपासणी करून घ्यावी लागते. शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, अल्ट्रासॉनिक यंत्राने प्लेटची जाडी ठिकठिकाणी मोजायची, झिंकचे तुकडे बदलायचे. हे झिंक पोलादाच्या आधी स्वतः झिजतं आणि तळाला वाचवतं. बोट धक्क्याला कायमची बांधली की लोकांना वाटतं ती आता विश्रांती घेते. तिची झीज एक दिवसही थांबत नाही. उलट धक्क्यावरून विजेची जोडणी घेतली आणि ती नीट विलग केली नाही, तर अर्थिंगच्या तारेतून बोट आणि धक्क्याचं पोलाद एकमेकांना जोडलं जातं आणि झिंक भराभर संपतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकेका हंगामात झिंकच्या जागी नुसते बोल्ट उरलेले.

इंजिनाचंही तसंच. बंद ठेवलेल्या इंजिनात दमट हवा शिरते, सिलिंडरच्या भिंतीवर पाणी धरतं, पिस्टनच्या रिंगा तिथे चिकटतात. उपाय अगदी साधा आहे. आठवड्यातून एकदा तेलाचा पंप चालवून सगळीकडे तेल पोचवायचं आणि टर्निंग गिअरने, म्हणजे इंजिन सुरू न करता फिरवायच्या यंत्राने, ते हळूहळू फिरवायचं, दर वेळी वेगळ्या जागी आणून थांबवायचं. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. निविदेत या दोन माणसांसाठी एक ओळ लिहिली तर निम्म्या बोटी वाचतील, असं माझं मत आहे.

न्यूयॉर्कमध्येच फ्राइंग पॅन नावाचं जुनं दीपजहाज आहे, १९२९ सालचं. उथळ वाळूच्या पट्ट्याजवळ नांगरून जहाजांना इशारा देणं हे त्याचं काम. निवृत्तीनंतर ते एका धक्क्याला बेवारस पडून होतं आणि तिथे बुडालं. पाण्याखाली ३ वर्षं. कारण काय, तर एक पाइप फुटला. वादळात भर समुद्रात टिकलेलं जहाज धक्क्याशी बुडतं ते असं. नंतर त्याला वर काढलं, आणि आज लोक त्यावर बसून खातात-पितात. खाली यंत्रसामग्री आहे, गंजही तसाच ठेवला आहे. तेव्हा बोटीवर रेस्टॉरंट काढण्याला माझा विरोध आहे असा समज करून घेऊ नका. हॅम्बुर्गला काप सान दिएगो नावाचं १९६१ मध्ये बांधलेलं मालवाहू जहाज आहे. त्याच्या केबिनमध्ये पाहुणे झोपतात, मालाच्या कोठारात प्रदर्शनं भरतात, आणि वर्षातून काही वेळा तेच जहाज स्वतःच्या इंजिनावर प्रवासी घेऊन निघतं. निवृत्त खलाशी आणि इंजिनिअर त्यावर स्वेच्छेने राबतात. पाहुण्यांचा पैसा इंजिनाला पोसतो. आमच्या बोटीवर उलटं झालं.

आता धक्क्याविषयी. जुन्या गोद्यांच्या जागी घरं, कार्यालयं, फिरायला पदपथ होतात. होऊ देत; बंदराचं काम दुसरीकडे गेलं तर जागा पडीक ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या पदपथांसाठी गोदीच्या तोंडावर न उघडणारे पूल बांधले जातात. पूल बांधला त्या दिवशी आतल्या बोटीचं बाहेर पडणं संपतं, म्हणजे ड्राय डॉकला जाणंही संपतं. ड्राय डॉकही आधी बुजवलेला असतो किंवा त्याचा शोभेचा तलाव झालेला असतो. बोटीला धक्का हवा म्हणजे नुसती बांधायला खुंटी नको. ओहोटीलाही तळ टेकणार नाही इतकं खोल पाणी, वीज, गोडं पाणी, बाहेर पडायला वाट आणि जवळपास तिला पाण्याबाहेर घेणारं कुणीतरी, एवढं सगळं त्यात येतं. पेकिंग हे १९११ चं चार डोलकाठ्यांचं जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला चाळीसेक वर्षं होतं. शेवटी २०१७ मध्ये त्याला दुसऱ्या जहाजाच्या पोटात घालून अटलांटिकपार जर्मनीला न्यावं लागलं, तेव्हा कुठे त्याची पूर्ण दुरुस्ती झाली. त्याचं नशीब, की मायदेश घ्यायला तयार होता. गावच्या टगबोटीला कोण घेऊन जाणार?

सगळ्याच बोटी पाण्यात ठेवता येणार नाहीत, हे मलाही कळतं. हाँगकाँगने १९५३ ते २००२ सेवेत असलेली अलेक्झांडर ग्रँथम ही अग्निशमन बोट उचलून बागेत ठेवली. आत प्रदर्शन आहे, मुलं जातात, बोटीवर फिरतात. पाण्यात कधी न दिसणारा प्रोपेलर आणि सुकाणू तिथे डोळ्यांसमोर असतं. मला हे बरं वाटतं. मात्र बोट जमिनीवर आणली म्हणजे गंज संपला असं धरून चालू नका. ब्रिस्टलचं ग्रेट ब्रिटन, १८४३ चं लोखंडी जहाज, फॉकलंड बेटांवर लोकर आणि कोळसा साठवायला वापरून शेवटी टाकून दिलेलं. १९७० मध्ये ते ज्या सुक्या गोदीत बांधलं होतं तिथेच परत आणलं. पण लोखंडात मुरलेलं मीठ आपलं काम करतच होतं. शेवटी पाण्याच्या रेषेवर काचेचं छत टाकून खालची हवा यंत्रांनी कोरडी करावी लागली, इतकी कोरडी की आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास राहावी. ती यंत्रं आजही चालू ठेवावी लागतात. जमिनीवर ठेवलेल्या बोटीलाही माणूस लागतो.

आणि मोडायची वेळ आली तर? याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मोडण्यात अपमान नाही. बेफिकिरीने मोडण्यात आहे. जुन्या बोटींत पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस असतं, रंगात शिसं असतं, टाक्यांच्या तळाशी तेलकट गाळ असतो. जहाजं सुरक्षितपणे मोडण्यासाठीचा हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून लागू झाला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तो ५०० ग्रॉस टनांच्या खालच्या बोटींना लागू नाही, आणि जन्मभर स्वदेशाच्याच पाण्यात फिरलेल्या बोटींनाही नाही. म्हणजे टगबोटी, लाँचा, बंदरातले छोटे ड्रेजर जवळपास सगळे बाहेर. त्यांना कापणाऱ्या कामगाराच्या छातीत ॲस्बेस्टॉस जातं तेव्हा बोट किती टनांची होती हे ते विचारत नाही. करार बांधत नसला तरी आपण आपल्या निविदेत त्याच अटी घालू शकता. आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

मोडण्याआधी तिची नोंद करा. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक बोटींची काळजी वाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने बोट जतन कशी करावी याबरोबरच तिची नोंद कशी करावी आणि ती रीतसर कशी उकलावी यावरही मार्गदर्शिका काढल्या आहेत. उकलणं हेही जतनाचंच काम धरलं आहे, हे मला फार पटतं. मापं घ्या, आराखडे शोधा, लॉगबुकं रद्दीत जाऊ देऊ नका. इंजिन चालू असताना त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करा. ब्रिजवरून, म्हणजे बोट हाकायच्या जागेवरून, इंजिनरूमला हुकूम देणाऱ्या टेलिग्राफची घंटा वाजली की खालून तिला उत्तर कसं जायचं ते चित्रित करा. एक इंजिन, एक चाक, एक घंटा जपून ठेवा आणि ती चालती ठेवा. आणि माणसांना विचारा. सारंग, तांडेल, ऑइलमन, भंडारी. यांची नावं पितळी पाटीवर येत नाहीत. कुठला व्हॉल्व्ह अर्धा फेरा उलटा फिरवल्याशिवाय उघडत नाही, कुठल्या धक्क्याशी भरतीचा ओढा कसा येतो, दोर तुटण्याआधी कसा आवाज करतो, हे त्यांच्या हातांत आहे आणि कुठल्याही आराखड्यात नाही. ही माणसं बोटींपेक्षा लवकर संपत चालली आहेत. माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी आता फार थोडे उरलेत.

माझी विनंती नेमकी आहे. पुढची बोट सेवेतून काढण्याचा कागद आपल्यासमोर येईल, तेव्हा तिची इंजिनं काढायची परवानगी शेवटी द्या, पहिली नको. तिला घेणाऱ्याकडून पुढे दोनदा ड्राय डॉकमध्ये घेण्याचा खर्च आधी बाजूला ठेवून घ्या. तो ठेवू शकत नसेल तर त्याच्या हाती बोट देऊ नका, मग त्याचा आराखडा कितीही देखणा असो. गोदीच्या तोंडावरचा पूल उघडणारा बांधा. रात्रीच्या पंपाची जबाबदारी कुणाची, ते नाव करारात लिहून घ्या. आणि तिच्यावर शेवटची पाळी केलेल्या लोकांना, पगार संपल्यावरही, एकदा बोलावून बोटभर फिरवा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या.

बोलावलंत तर मीही येईन, इंजिन कुठल्याही बनावटीचं असो. सकाळी लवकर, पाणी शांत असताना बोलवा. पाण्याच्या रेषेजवळच्या प्लेटी तेव्हा नीट दिसतात. माझी हातोडी मी बरोबर आणीन.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर